पाच पायथन आणि एक चुकीचा किल: चालू प्रोसेसचं नाव बदलण्याच्या नोंदी

एका पतसंस्थेचा सर्व्हर मी सांभाळतो. उबुंटू (लिनक्स) २२.०४, कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५. त्यावर पाच पायथन प्रोग्राम रात्रंदिवस चालतात: एसएमएस, रोजचं व्याज, बॅकअप, रिपोर्ट आणि मुख्य खातेवही. शिवाय पिग्मी एजंटांच्या मशीनकडून भरणा उतरवून घेणारा सीमधला एक जुना प्रोग्राम आहे, शाखेगणिक एक, अशा त्याच्या तीन प्रती.

मेअखेरीला व्याजाचा प्रोग्राम मेमरी खात सुटला. मी एसटीत होतो. हेड ऑफिसातल्या दादांना फोनवर सांगितलं, टॉप (चालू प्रोग्रामची, म्हणजे प्रोसेसची, यादी दाखवणारी कमांड) लावा आणि तो मारा. ते म्हणाले, "अहो सर, इथं पाचही पायथन३च दिसतायत. कुठला मारू?" मी म्हणालो, सगळ्यात वरचा. तेवढ्यात वरचा बदलला होता. मेली खातेवही, तीही भर काउंटरच्या वेळी.

म्हणून प्रत्येक प्रोसेसला ओळखू येणारं नाव देण्याचं हे काम हातात घेतलं. असंच करू पाहणाऱ्याला उपयोग होईल म्हणून चुकांसकट लिहितोय. कमांड आणि नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये. अक्षरांचे आकडे रोमन अक्षरांचे समजा.

७ जून २०२५, शनिवार (३ तास)

पहिली गोष्ट कळली ती ही, की लिनक्सवर प्रोसेसला एक नाही, दोन नावं असतात. एक छोटं, कर्नलजवळ ठेवलेलं: प्रॉकमधल्या (कर्नलजवळची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) त्या प्रोसेसच्या फोल्डरात 'कॉम' नावाची फाइल असते, त्यातलं. टॉप उघडल्यावर दिसतं ते हेच. दुसरं लांब: 'सीएमडीलाइन' फाइलमधलं, म्हणजे प्रोग्राम ज्या कमांडने सुरू केला ती पूर्ण ओळ. पीएस या यादीच्या दुसऱ्या कमांडला डॅश-एफ दिल्यावर किंवा टॉपमध्ये सी दाबल्यावर हे दिसतं. ही दोन नावं एकमेकांना विचारत नाहीत. एक बदललं म्हणून दुसरं बदलत नाही.

मला वाटलं, कॉम फाइलला लिहायची परवानगी दिसतेय आणि मी रूट (सर्वाधिकारी युजर) आहे, मग एको (मजकूर लिहिणारी कमांड) करून नवं नाव त्यात ढकलू. उत्तर आलं: इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट. तीनदा केलं, तीनदा तेच. रूट असून काय उपयोग, असं वाटून वैतागलो. मग कळलं की या फाइलमध्ये फक्त ती प्रोसेस स्वतः, म्हणजे तिचाच एखादा थ्रेड (तिच्या आत समांतर चालणारा धागा) लिहू शकतो. बॅशमध्ये (कमांड टाइप करायच्या शेलमध्ये) स्वतःच्याच कॉममध्ये एको केला तर चालतं, कारण एको बॅशच्या पोटातच असतो. दुसऱ्याचं बारसं बाहेरून करता येत नाही.

तरी हट्ट सोडला नाही. जीडीबी या डीबगरने चालू प्रोसेसला जोडून तिच्याच तोंडून पीआरसीटीएल (प्रोसेसने स्वतःची सेटिंग बदलून घ्यायची कर्नलला हाक) वदवता येतं. पहिला आकडा १५ द्यायचा (तोच पीआर-सेट-नेम), मग नाव, मग तीन शून्यं. साध्या युजरला उबुंटू जोडूच देत नाही, रूटने जमलं. चाचणीच्या मशीनवर छान झालं म्हणून एसएमएसवाल्या चालू प्रोसेसला लावलं. जीडीबी जोडलं की प्रोसेस जागीच थांबते, हे माहीत होतं. पण मी ती ओळ हाताने टाइप करत बसलो, त्यात एकदा चुकलो, आणि त्या पाऊण मिनिटात गेटवेचं कनेक्शन तुटलं. करायचंच असेल तर ओळ आधी लिहून ठेवा आणि बॅच मोडमध्ये एका फटक्यात चालवा. मी हा रस्ता सोडला. रिस्टार्ट झाली की नाव परत पहिल्यासारखं, मग एवढा उपद्व्याप कशाला?

८ जून, रविवार (२ तास)

कोडला हात न लावता होण्यासारखा भाग. कर्नल कॉममध्ये, जी फाइल चालवली तिचं नाव घालतो. आम्ही सगळीकडे 'पायथन३ अमुक.पीवाय' असं चालवत होतो, म्हणून सगळे पायथन३. स्क्रिप्टला एक्झिक्यूटची परवानगी देऊन तीच थेट चालवली की तिचं नाव यायला हवं.

आलं नाही. पुन्हा पायथन३च. अर्धा तास गेल्यावर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीकडे (ती कशाने चालवायची ते सांगणारी) लक्ष गेलं. तिथे 'युएसआर बिन एन्व्ह पायथन३' होतं. त्यामुळे आधी एन्व्ह चालतो, तो पुढे पायथन३ चालवतो आणि त्या दुसऱ्या उडीत नाव पुसलं जातं. पहिल्या ओळीत पायथन३ चा थेट पत्ता घातला आणि टॉपमध्ये स्क्रिप्टचं नाव झळकलं. पाच ठिकाणी एकेक ओळ. ज्यांना एवढंच हवंय त्यांनी इथेच थांबावं, खरंच.

मी थांबलो नाही, आणि नावं देण्याच्या हौसेत फसलो. पिग्मीच्या तीन प्रतींसाठी तीन सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी नावं) केल्या: पतपेढी-पिग्मी-१, २ आणि ३. टॉपमध्ये तिन्ही 'पतपेढी-पिग्मी-'. कॉममध्ये १६ बाइट मावतात, शेवटचा शून्याचा, म्हणजे हाती १५. माझं नाव रोमनमध्ये १६ अक्षरांचं, आणि नेमका शाखेचा आकडाच गळला. कर्नल तक्रार करत नाही, गुपचूप कापतो. आता आकडा पुढे घेतलाय: ३-पिग्मी. संस्थेचं नाव नावात घालण्याची काही गरज नव्हती, सर्व्हर त्यांचाच आहे.

११ जून, बुधवार (अडीच तास आणि १७१ रुपये)

पायथनसाठी सेटप्रॉकटायटल नावाचं मॉड्यूल आहे, गुनिकॉर्न हा वेब सर्व्हर वगैरेही तेच वापरतात. पिपने घेतलं. एका ओळीत लांब नाव बदलतं आणि त्याचे पहिले १५ बाइट कॉममध्येही जातात. आता पीएसमध्ये 'एसएमएस: रांगेत ३१२' असं जिवंत दिसायला लागलं. मजा आली.

मजा वीस मिनिटं टिकली. दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) एक राखणदार स्क्रिप्ट फिरते. पीग्रेपने, म्हणजे नावावरून, प्रोसेस शोधते, नाही सापडली तर नवी सुरू करते. तिच्यात मी नवं नाव घातलं होतं, पण सवयीने लांबलचक: पतपेढी-एसएमएस-पाठव, १९ अक्षरं. पीग्रेप कॉमशी ताडून बघतो. पंधरापेक्षा लांब शब्द तिथे कधीच सापडणार नाही, आणि तो तसा इशाराही देतो. तो इशारा आम्ही डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, ओतत होतो. राखणदाराला दर फेरीत वाटलं, एसएमएस मेला. दर फेरीत एक नवी प्रत. चार प्रती एकाच रांगेतून मेसेज उचलत होत्या, आणि रांगेला कुलूप नव्हतं, ही चूक जुनीच. १,१४० मेसेज दुसऱ्यांदा गेले. १५ पैशांनी १७१ रुपये. पैशांचं काही नाही, पण हप्ता थकल्याचा मेसेज दोनदा आला म्हणून दोन सभासद भांडायला आले, ते संस्थेतल्या मॅडमनी निस्तरलं.

नाव बदलण्याआधी, जुन्या नावावर कोण कोण टेकलंय ते शोधा. क्रॉन, लॉगरोटेट, मॉनिटर, कुणाच्या तरी होम फोल्डरातली स्क्रिप्ट. मी हे नंतर शोधलं: सात ठिकाणं निघाली. राखणदार त्याच संध्याकाळी काढून टाकला आणि पायथनचे पाचही प्रोग्राम सिस्टमडीखाली (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणारा व्यवस्थापक) नेले. तो प्रोसेस क्रमांकाने आणि सीग्रुपने (कर्नलने बांधलेल्या प्रोसेसच्या गटाने) ओळखतो, नावाशी त्याला देणंघेणं नाही.

१४ जून, शनिवार (२ तास)

रिपोर्टचा प्रोग्राम थ्रेड वापरतो. त्यात मॉड्यूल न घेता सी-टाइप्समधून (पायथनमधून सीची फंक्शनं बोलावायची सोय) थेट पीआरसीटीएल बोलावलं. नाव बदलेना. परत येणारा आकडा शून्य, म्हणजे काम फत्ते, आणि टॉपमध्ये जुनंच नाव. जेवून आलो, पुन्हा बसलो. टॉपला डॅश मोठा एच दिल्यावर उलगडलं: बोलावणाऱ्या थ्रेडचं नाव बदललं होतं. पीआर-सेट-नेम थ्रेडपुरतं असतं, आणि प्रोसेसचं म्हणून दिसतं ते मुख्य थ्रेडचं. ती ओळ मेनमध्ये वर नेली. चुकून एक फायदा झाला, आता प्रत्येक थ्रेडला वेगळं नाव आहे आणि कुठला अडकलाय ते दिसतं.

१५ जून, रविवार (दीड तास)

आज सीमधला पिग्मी. बीएसडीवर (युनिक्सच्या दुसऱ्या घराण्यात) यासाठी तयार फंक्शन मिळतं, लिनक्सच्या जीलिबसीमध्ये (सीच्या मूळ लायब्ररीत) नाही. लांब नाव बदलायची इथली जुनी रीत म्हणजे प्रोग्रामला मिळालेल्या आर्गव्हीच्या (सुरू करतानाच्या कमांडच्या शब्दांच्या) जागेवरच नवं नाव लिहायचं. कर्नल सीएमडीलाइन दाखवताना प्रोसेसच्या मेमरीतली तीच जागा वाचतो. मी आर्गव्ही शून्यावर स्ट्रिंग कॉपी केली: 'पिग्मीडी: ब्रँच ३, १२ कनेक्टेड'. लॅपटॉपवर झकास. पीएसने पूर्ण नाव दाखवलं. संध्याकाळी शाखा तीनवर चढवलं आणि झोपलो.

१६ जून, सोमवार (७ तास, आणि भरपूर बोलणी)

सकाळी सव्वासातला मॅडमचा फोन. "सर, मंडईतल्या एजंटचा आजचा भरणा कालच्या तारखेत कसा काय?" भाजी मंडईत पहाटे पाचला पिग्मी गोळा होते. पावत्यांवर वेळ रात्री साडेअकराची, तारीख १५. एकूण ३८ पावत्या. १५ तारखेचा दिवस बंद करून झाला होता, त्यामुळे दुरुस्तीच्या नोंदी हाताने घालाव्या लागल्या. त्या मॅडमनी घातल्या, आणि मी फोनवर मुकाट्याने ऐकून घेतलं.

साडेपाच तासांचा फरक म्हटल्यावर टाइमझोन, हे कुणीही ओळखेल. पण नावाचा आणि टाइमझोनचा संबंध काय? कागदावर बाइट मोजले तेव्हा कळलं.

हा नवा प्रोग्राम सिमलिंकवरून नाही, थेट असा सुरू होतो: एन्व्ह डॅश-आय, मग टीझेड=एशिया/कोलकाता, मग पाथ, मग './पिग्मीडी -पी ७०७०'. मेमरीत आर्गव्हीच्या तीन स्ट्रिंग एकामागोमाग बसतात: ९, ३ आणि ५ बाइट, शेवटचे शून्य धरून. एकूण १७. त्याला चिकटून लगेच एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रामला दिलेली सेटिंगची व्हेरिएबलं) सुरू होतं, आणि पहिला मानकरी टीझेड, म्हणजे टाइमझोन. माझं नाव ३० अक्षरांचं, शून्यासह ३१. म्हणजे १४ बाइट शेजाऱ्याच्या घरात. टीझेडच्या जागी आता ' १२ कनेक्टेड' असा मजकूर होता. वेळ काढणारं लोकलटाइम फंक्शन प्रत्येक वेळी टीझेड नव्याने बघतं. ते सापडलं नाही म्हणून त्याने सर्व्हरची वेळ घेतली, आणि सर्व्हर यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे). माझ्या लॅपटॉपवर सगळंच भारतीय वेळेत, म्हणून चाचणीत काही दिसलं नाही.

पीएसने पूर्ण नाव दाखवून मला आणखी फसवलं. आर्गव्हीच्या जागेचा शेवटचा बाइट शून्य नसेल तर कर्नल समजून जातो की कुणीतरी ही जुनी युक्ती केलीय, आणि एन्व्हायर्नमेंटच्या जागेत शिरून पुढचं वाचतो. हा त्याचा मोठेपणा. नाव बरोबर दिसलं म्हणजे मेमरी शाबूत आहे, असं मात्र नाही.

अकरा वाजता आगीतून फुफाट्यात. सेटिंग पुन्हा वाचून घे म्हणून मी प्रोग्रामला हप सिग्नल पाठवला. त्यावर तो सॉकेट बंद करून पुन्हा उघडतो. उघडल्यावर एकाही मशीनला जोडता येईना. एसएस (उघडे पोर्ट दाखवणारी कमांड) लावून पाहिलं तर ७०७० ऐवजी चाळीस हजारांच्या पुढचा कुठलातरी पोर्ट. कारण तेच: जुन्या लेखकाने पोर्टचा आकडा साठवलाच नव्हता, आर्गव्हीतल्या स्ट्रिंगचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ठेवला होता. तिथे आता 'सीएच ३, १२ कनेक्टेड' होतं, 'ब्रँच'ची शेपटी. त्याचा एटूआय फंक्शनने आकडा केला, आला शून्य. आणि शून्य पोर्टवर बाइंड म्हणजे कर्नलला सांगणं, तुला वाटेल तो दे.

तिसरं गंमतीचं. सिसलॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) प्रोग्रामचं नाव 'ग्मीडी: ब्रँच ३…' असं उमटत होतं. सुरुवातीचं 'पि' गायब. जीलिबसी प्रोग्रामचं छोटं नाव आर्गव्हीतच, शेवटच्या तिरप्या रेषेनंतर बोट ठेवून लक्षात ठेवते. माझ्या नावात './' नव्हतं, पण बोट दोन अक्षरं पुढेच राहिलं. त्या दिवशी हसू आलं नाही.

जुना बायनरी परत चढवला. दुपारी दीडला शाखा तीन रुळावर.

१७ जून, मंगळवार रात्र (४ तास)

हे नीट कसं करतात ते पाहायला एनजिनेक्स (वेब सर्व्हर) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांचा सोर्स उघडला. एनजिनेक्सची 'मास्टर प्रोसेस', 'वर्कर प्रोसेस' ही नावं याच जागेवर लिहिलेली असतात. दोघेही जागा वापरण्याआधी तिथला संसार दुसरीकडे हलवतात. मीही तेच केलं.

मेनमध्ये शिरल्याबरोबर, गेटऑप्टच्या (कमांडचे पर्याय वाचणाऱ्या फंक्शनच्या) आधी, एकही थ्रेड सुरू व्हायच्या आधी: एन्व्हायर्नमेंटमधली प्रत्येक स्ट्रिंग आणि तिच्या पॉइंटरांची यादी मॅलॉकने मागून घेतलेल्या नव्या जागेत उतरवली आणि एन्व्हायरॉन (त्या यादीचा पॉइंटर) तिकडे वळवला. आर्गव्हीचीही तशीच प्रत, आणि पुढे सगळीकडे ती प्रतच वापरायची. जीलिबसीची प्रोग्रामनावाची दोन्ही बोटं स्ट्रडुपने प्रत केलेल्या नावावर नेली. मग मूळ जागा मोजली. मोजताना एक स्ट्रिंग जिथे संपते तिथेच पुढची सुरू होते का ते तपासत जायचं, खंड पडला की थांबायचं. टीझेड आणि पाथ मिळून ३५ बाइट, आर्गव्हीचे १७, एकूण ५२. म्हणजे नाव जास्तीत जास्त ५१ अक्षरांचं. लिहायचं एसएनप्रिंटएफने (लांबीची मर्यादा पाळून लिहिणारं फंक्शन), आणि उरलेली जागा शून्याने भरायची, नाहीतर लांब नावानंतर छोटं नाव लिहिल्यावर जुनी शेपटी मागे राहू शकते. मेमरी हलवताना मॅलॉक अपयशी झालं तर नाव बदलायचंच नाही, गप्प पुढे जायचं. नावासाठी प्रोग्राम मरता कामा नये.

पीआरसीटीएलमधून आर्गव्हीची हद्दच दुसरीकडे हलवायचीही सोय आहे, पण त्याला सिस-रिसोर्स हा जादा अधिकार लागतो. पिग्मी उतरवणाऱ्या प्रोग्रामला तो देणं मला पटलं नाही.

चाचणी या वेळी यूटीसीवर ठेवलेल्या मशीनवर केली. हप सिग्नल दहा वेळा. पोर्ट ७०७०, वेळ बरोबर, सिसलॉगमध्ये 'पि' परत.

२१ जून, शनिवार (१ तास)

चेअरमन साहेबांनी स्क्रीन पाहिला आणि म्हणाले, "हे मराठीत नाही का येत?" येतं. पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. कॉमच्या १५ बाइटांत पाच चिन्हं. 'वसुली' बरोब्बर बसते: व, स, उकार, ल, ईकार. 'थकबाकी' सहा चिन्हांची, तिची 'थकबाक' होते. 'पाणी-वसुली' तर अक्षराच्या मधोमध तुटते, कारण पाणीचे १२, आडव्या रेघेचा १, आणि उरलेल्या २ बाइटांत व चिरडला जातो. पीएस तिथे प्रश्नचिन्ह काढतो. शिवाय आमच्याकडे क्रॉनमधून पीएस चालवला की तिथलं लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) सी, मग सगळीच प्रश्नचिन्हं. साहेबांना पाचही नावं मराठीत लावून दाखवली, त्यांना बरं वाटलं, आणि संध्याकाळी रोमन केली.

२८ जून, शनिवार (१ तास)

एक राहिलेलं बीळ. मॉनिटर प्रत्येक पायथन प्रोसेसची शाखा प्रॉकमधल्या एन्व्हायरॉन फाइलवरून काढत होता. सेटप्रॉकटायटलही नावासाठी तीच जागा वापरतं, त्यामुळे आठवडाभर तिथे नावांचा चोथा येत होता आणि मॉनिटर 'शाखा अज्ञात' दाखवत होता. सुरू करतानाच एसपीटी-नोएन्व्ह हे व्हेरिएबल दिलं की मॉड्यूल एन्व्हायर्नमेंटला हात लावत नाही. मग नाव मूळ कमांडच्या लांबीएवढंच मावतं, पण आमचे पत्ते लांबलचक आहेत, चाललं.

काल रात्री व्याज पुन्हा फुगलं. दादांचा फोन: "सर, 'व्याज-दिवस' वर आलंय, क्रमांक ४४१२. मारू?" म्हटलं, किल नको, सिस्टमसीटीएलने (सिस्टमडीच्या कमांडने) थांबवा. थांबवलं. खातेवही चालू होती.

एकूण २४ तास झाले, धरले होते चार. शाखा दोनचा पिग्मी अजून जुनाच आहे. त्याचा सोर्स आमच्याकडच्यापेक्षा वेगळा निघालाय. व्याजाची मेमरी का फुगते, ते अजून बघायचंच आहे.